लांडग्याचा वाटा

देवाच्या माणसावर संशय घेणं हे पाप आहे की देवानंच दिलेली जाग आहे, हे त्या वर्षी मला कळत नव्हतं. मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मनात शंका आली की आधी स्वतःचीच भीती वाटायची, हा शिक्षणाचा गर्व तर नसेल?

इनामगावजवळ, घोडनदीच्या काठाला आमचं घर. मागची पिढी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेती धरली, तरी थोडी मेंढरं दारात ठेवलीच. मी शाळेत असताना आमचं घर प्रभूकडे आलं, आम्ही ख्रिस्ती झालो. शिरूरच्या चर्चचे म्हातारे पाळक सायकलवरून आमच्याकडे यायचे. एकदा ते मेंढरांचा वेश घेऊन येणाऱ्या लांडग्यांविषयी, म्हणजे खोट्या उपदेशकांविषयी, सांगत होते, तर आप्पा मध्येच म्हणाले, "आवो पाळकसाहेब, लांडगा यावाच की! त्याचा वाटा गेला म्हंजी कळपाला बरकत येती." आम्हा मेंढपाळांत लांडग्यानं मेंढरू नेलं तर त्याच्यामागं कुणी धावत नाही. पाळकसाहेब इतके हसले की बशीतला चहा सांडला. पुढे ते निवृत्त होऊन गेले आणि तो धडा अर्धाच राहिला.

मग दौंडला, रेल्वेलाइनीजवळच्या एका हॉलमध्ये, एका ब्रदरांच्या, म्हणजे उपदेशकांच्या, प्रार्थनेनं रोग बरे करायच्या सभा सुरू झाल्या. आई माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, घेऊन जाऊ लागली. सुमीला लहानपणापासून फिट यायची. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी ती आटोक्यात होती. ब्रदरांनी आधी आमचा चांगला मेंढा अर्पण म्हणून मागितला. आप्पा नुसते हसले, "गेला लांडग्याचा वाटा." नंतर ब्रदरांनी सुमीच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या रविवारी तिनं गोळ्या व्यासपीठावरच्या टोपलीत टाकून साक्ष द्यायची. यापुढे गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं, असं ते म्हणाले.

सुमी विहिरीवर जायची, चुलीपुढं बसायची. तिथं फिट आली तर? मी त्याच सभेत अडखळत ब्रदरांना विचारलं, "आधी डॉक्टरांना दाखवलं तर?"

"आता देवाची पण परीक्षा घेणार का, कॉलेजवाल्या ताई? किती मार्क देणार?"

सगळा हॉल हसला. आईनं मान फिरवली.

तो आठवडाभर मी एकच प्रार्थना करत होते. प्रभू, माझं चुकत असेल तर माझं तोंड बंद कर. त्यांचं चुकत असेल तर तूच बोल, मला बोलता येत नाही.

रविवारी आप्पा पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले. आत मात्र बसले नाहीत. घोंगडी खांद्यावर टाकून दारातच उभे राहिले. लोक एकेक करून टोपलीत औषधं टाकत होते. सुमीची पाळी आली. तिनं पाकीट टोपलीवर धरलं आणि मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, टाकू?" माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

"टाक, बेटी," ब्रदर म्हणाले.

"टाकू नगं, सुमे." आवाज दारातून आला.

"आप्पा, शंका घेऊ नका. देव मागतोय."

"मेंढा मागितला, दिला. वाटा मेंढराचा आसतोय, ब्रदर, लेकराचा न्हाई. आन् राखणारा कवा वाटा मागत न्हाई. मागतो त्यो लांडगा."

माझ्या तोंडून तेव्हा शब्द कसे फुटले, मला सांगता येत नाही. मी चालत पुढे गेले, सुमीचा हात धरला आणि माइकमध्ये म्हणाले, "ही गोळीसुद्धा प्रभूनंच दिलीय." ब्रदरांनी कीबोर्डवाल्याला गाणं मोठ्यानं वाजवायची खूण केली. तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी उठून टोपलीपाशी आली. "सरा जरा. आमच्या म्हाताऱ्याच्या छातीच्या गोळ्या कुठं हायेत?" तिच्यामागं दुसरी आली, मग तिसरी. गाणं अर्ध्यातच थांबलं, कारण कीबोर्डवालाही खाली उतरून आपल्या आईचं औषध शोधत होता! परतीच्या एसटीत आई आधी रडली, मग आम्ही घरापर्यंत स्तुतिगीतं म्हटली. पुढे त्या सभा बंद पडल्या.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. आप्पांना विचारलं तर म्हणतात, "मला काय म्हाईत? तोंडातनं गेलं." पाळकसाहेबांनी पेरलेलं इतक्या वर्षांनी उगवलं, आणि मी बोलू शकत नव्हते तेव्हाच उगवलं, एवढं मी पाहिलं. समर्पण म्हणजे मनातले प्रश्न गिळून टाकणं, असं मला वाटायचं. आता मी प्रश्नच प्रभूच्या हाती देते. माझा मेंढपाळ कळपातलं कुणी मागत नाही. लांडग्यापुढं तो स्वतः उभा राहिला आहे.

सुमी रोज गोळी तळहातावर ठेवून डोळे मिटते, आभार मानते आणि मग गिळते. सभेत कधी आत न बसलेले आप्पा अंगणातून मोठ्यानं म्हणतात, "आमेन!"