मालक आल्याशिवाय
आमचे हे किल्लीवाले. उभा जन्म चौकातल्या टपरीत कानस घासण्यात गेला. कुलूप कानाशी नेऊन दोनदा हलवायचे आणि तारेने उघडायचे. एक नेम मात्र कधी मोडला नाही: मालक समोर असल्याशिवाय दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. माझ्या सख्ख्या भावाला त्याच्याच दारात ताटकळत ठेवलं होतं, कारण घर वहिनीच्या नावावर!

आता त्यांना स्वतःचं आयुष्य आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवणींचे कप्पे वेगवेगळे असतात. हाताला येणारं काम एका कप्प्यात, जगाची माहिती दुसऱ्यात, आपल्या बाबतीत काय काय घडलं ते तिसऱ्यात. पहिले दोन शाबूत आहेत. पितळ कशाचं बनतं ते सांगतील, लग्न म्हणजे काय तेही सांगतील, फक्त ते कुणाशी झालं हे विचारू नका. मी म्हटलं, डॉक्टर, मी नेमकी तिसऱ्यातच होते हो.

दोनदा घरातून निघून गेले. दुसऱ्या वेळी हमरस्त्याच्या मधोमध सापडले. मग लेकीने दाराला आतून कुलूप लावलं. किल्लीवाल्याला कुलूप! पोरीची अक्कल चरायला गेली होती. माझ्या केसांच्या आकड्याने त्यांनी ते चहा निवायच्या आत उघडलं. तिने मोठं आणलं, तेही उघडलं. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मला त्यांचाच नेम आठवला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "घरमालक बाहेर गेलेत. ते आल्यावर बघू."

त्यांनी चटकन हात मागे घेतला. "बरोबर आहे, बाई. मी थांबतो." आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

तेव्हापासून रोज तेच. त्यांनी दाराशी जायचं, मी तेच वाक्य बोलायचं. माझ्या माघारी ते कोण बोलणार? म्हणून मी बाजारसुद्धा सोडला. लेक येऊन सामान टाकून जाते. घरात मी, आणि मालकाची वाट बघणारा एक परका, सभ्य माणूस. चीड येते मला. पण काढू कुणावर?

परवा मी खिडकीशी उभी होते. समोरच्या गच्चीवर दोघी बायका हसत कपडे वाळत घालत होत्या.

"बाई," हे मागून म्हणाले, "तुमचे मालक काही लवकर यायचे दिसत नाहीत."

"नाही दिसत," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

ते गडबडले. "घर दोघांच्या नावावर आहे का?"

"आहे."

"मग तुम्हीही मालकच की! आधी नाही का सांगायचं?"

त्यांनी माझ्याकडून आकडा मागून घेतला. किल्ली माझ्याच कमरेला होती, पण ती मी काढली नाही. कुलूप निघालं, दार सताड उघडलं, गार वारा आत आला.

"जा, जरा फिरून या."

"आणि तुम्ही?"

"मी कसा येणार? तुमचे मालक आले आणि घरात कुणीच नसलं तर?"

ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मी चपला पायांत घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि परत काढल्या. मग दार लोटून कुलूप मीच लावलं.