जो रोग कुणाला लागत नव्हता

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "टीबी आहे. दोन्ही फुप्फुसं धरली आहेत."

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरची एक बाई आपलं मूल उचलून दूर जाऊन बसली.

माझे यजमान खुर्चीत ताठ बसले होते. ते म्हणाले, "साहेब, मी नेव्हीत होतो. बॉयलरवर. तिथं भुकटी फार..."

"ते राहू द्या. घरी लहान मूल आहे?"

"पोरगी आहे. पाच वर्षांची."

"तिला जवळ येऊ देऊ नका. ताट, पेला, अंथरूण, सगळं वेगळं. नाहीतर तिलाही होईल."

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही आंजीला राहायचो आणि मी तिथल्या शाळेत शिकवायची. वर्ध्याच्या त्या दवाखान्यातून परतताना बसमध्ये हे माझ्या शेजारी बसलेच नाहीत. मागच्या सीटवर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसले. त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांचा शब्द पाळला. मी पाळला नसता इतका पाळला.

समुद्र पाहिलेला माणूस आमच्या गावात हा एकच. मिसरूड फुटायच्या वयात घरून निघून गेले ते थेट नेव्हीत. जहाजाच्या पोटात, वाफेच्या इंजिनाजवळ, बॉयलरची भट्टी सांभाळणारा स्टोकर म्हणून काम केलं. लढाईची सगळी वर्षं तिथंच काढली. नोकरी संपवून गावी परतले आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले.

लोक त्यांना हसायचे, कारण ते स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे आणि माझेही धुवायचे. मी शाळेत गेली की आमच्या पोरीची, कुंदाची, वेणी तेच घालायचे. अशी घट्ट घालायचे की संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "जहाजावर कोणाची बायको येते का कपडे धुवाले?" पोरीशिवाय ते जेवायला बसत नसत.

आजार हळूहळू आला. आधी विहिरीवरून घरी येताना धाप लागायला लागली. मग कोरडा खोकला सुरू झाला. ताप नव्हता, रक्त पडत नव्हतं. बोटांची टोकं मात्र फुगून गोल झाली होती. याला क्लबिंग म्हणतात, छातीच्या जुन्या रोगात असं होतं, हे मला फार पुढे कळलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी बोटांकडे पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी गोठ्याच्या बाजूला खाट टाकली. अंगणात या खुंटापासून त्या खुंटापर्यंत दोर बांधला आणि कुंदाला सांगितलं, "याच्या इकडं नाई यायचं. तिकडूनच बोलजो." पहिले काही दिवस ती दोर धरून रडली. विचारायची, "बाबा, काऊन नाई येऊ मी?" ते तोंड फिरवायचे. मग तिला सवय झाली. मुलांना सवय होते.

रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असायचं. टीबीचे जंतू मारणारं हे औषध तेव्हा नवीन होतं आणि लोक त्याला देवासारखं मानायचे. थुंकी अनेकदा तपासली. एकदाही जंतू सापडले नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कधी कधी सापडत नाहीत. इंजेक्शन बंद करू नका."

मग यांच्या कानात शिट्टी वाजायला लागली. पुन्हा विचारलं.

"कान मोठे की जीव मोठा, बाई?"

पुढे चालताना तोल जाऊ लागला. वादळात हलत्या जहाजावर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या अंगणात भिंत धरून चालायचा. एक दिवस पडले, तेव्हा कुंदा दोराच्या अलीकडून ओरडली, "बाबा! बाबा!" त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, शुद्ध गेली. शुद्ध होती, ऐकू येत नव्हतं. ते औषध कानाच्या आतली नस मारतं, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी पाटीवर लिहायची आणि ते वाचायचे. कुंदाला अजून धड लिहिता येत नव्हतं. त्यामुळे बापलेकीचं दुरून चालणारं बोलणंही बंद झालं.

वर्ष उलटत आलं तरी धाप वाढतच होती. तेव्हा मी हट्टाने त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आधी बोटं पाहिली. मग पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "हे काम काय करायचे?"

एवढा साधा प्रश्न. मी सांगितलं, नेव्हीत होते, बॉयलरवर. वाफेच्या पाइपांवर पांढरं लिंपण असायचं. ते हाताने खरडून काढायचं आणि नवं चढवायचं. बाहेर आलो की गिरणीवाल्यासारखे पांढरे दिसायचो, असं ते हसून सांगायचे.

डॉक्टरांनी पुन्हा त्यांची बोटं पाहिली. मग म्हणाले, "हा अ‍ॅस्बेस्टॉसिस आहे. त्या लिंपणातले अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन रुततात. फुप्फुस हळूहळू कातड्यासारखं कडक होतं. टीबी नाही हा."

"मग इंजेक्शनं?"

"त्यांची गरज नव्हती."

"आणि यावर औषध?"

"नाही, बाई. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

मी पाटीवर लिहिलं, 'टीबी नाई. हा रोग कोणालेच लागत नाई.' त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "म्हणजे कुंदाले जवळ घेता आलं असतं मले?"

सगळा वॉर्ड आमच्याकडे वळून पाहू लागला. मी होकाराची मान हलवली.

घरी आल्याबरोबर त्यांनी दोर सोडला, खाटेवर बसले आणि कुंदासमोर दोन्ही हात पसरले. ती जागची हलली नाही. मी म्हटलं, "जा बेटा, आता काही होत नाई." ती गेली, पण फ्रॉकचा घेर तोंडावर दाबून, श्वास रोखून. आम्हीच शिकवलं होतं तसं. त्यांनी हात खाली घेतले. तिच्या डोक्यावरही हात ठेवला नाही. मला म्हणाले, "भेवून राह्यली ते. राहू दे."

त्या हिवाळ्यात ते गेले. शेवटी शेवटी कुंदा खाटेच्या पायथ्याशी येऊन बसायची. त्याहून जवळ आली नाही. गावाने टीबीच समजून त्यांचं अंथरूण जाळलं. माझं कुणी ऐकलं नाही.

मी वर्ध्याच्या डॉक्टरांकडे गेली. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "खबरदारी घेतलेली कधीही बरी, बाई." आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

तुमच्या घरात कुणाला छातीचा आजार निघाला तर त्याने जन्मभर काय काम केलं ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी हाताने थांबवलं तरी सांगा. थुंकीत जंतू नसतील तर का नाहीत ते विचारा, आणि इंजेक्शनाने कान वाजू लागले तर उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मला हे वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. कुणाचे उपकार मानायचेच असतील तर मी त्या नागपूरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचे मानते. बाकी कुणाचे नाही.

कुंदा आता मोठी झाली आहे. परवा मी तिला विचारलं, "तुले बाबा आठवतात का गं?"

"आठवतात ना," ती म्हणाली. "दुरून."