मोगऱ्याच्या गाडीचा एसी

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या आळीतल्या बायका दुपारच्या वेळी कुणाच्या विहिरीवर काय दिसलं ते सांगायला बसल्या की मी म्हणायची, "आधी मसाला कांडून घ्या, मग भूत दाखवा." त्यामुळे मी न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसले हे पाहून माझ्या सुनेला हसू आवरत नाहीये. हसू दे. जे झालं ते भर दुपारी झालं, मी पूर्ण शुद्धीत होते आणि माझं डोकं तेव्हा आत्तापेक्षा बरं चालायचं.

गोष्ट दिल्लीच्या एशियाडनंतरच्या उन्हाळ्यातली. वसई स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. केळी, थोडी पानवेल आणि मोगरा. आमचे हे दोन वर्षांपूर्वी गेले होते. वाडी अर्धी माझ्या नावावर, अर्धी धाकट्या दिराच्या, दिगूच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा हा दिगू शाळेत जात होता. सासूबाई नव्हत्या. त्याचा डबा मी केला, त्याच्या शर्टाची बटणं मी लावली, मॅट्रिकला नापास झाला तेव्हा त्याच्यासाठी ह्यांच्याशी मीच भांडले. दीर म्हणायचा म्हणून म्हणते, नाहीतर मुलगाच तो.

आणि एक गाडी होती. मुंबईतल्या कुठल्यातरी परदेशी कचेरीने लिलावात काढलेली लांबलचक विलायती गाडी ह्यांनी हौसेने घेतली होती. आत एसी! आमच्या गावात तेव्हा फ्रीजसुद्धा मोजक्या घरांत होता. गाडी घेतली आणि चालवायला शिकायच्या आधीच हे गेले... म्हणजे त्या गाडीत कोणाचा जीव अडकला असेल असं कोणी म्हणणार असेल तर त्याने हे लक्षात घ्यावं, की ह्यांना तिचा हॉर्न सोडून काही वाजवता येत नव्हतं.

ती गाडी मोगऱ्याला लावायची कल्पना माझी. संध्याकाळच्या लग्नाला वेणी-गजऱ्याच्या कळ्या दादरला पोचवायच्या असतात, त्या बंद पोचल्या पाहिजेत. कळी बंद राहिली तर गजरा नवरीच्या डोक्यात फुलतो, आणि वाटेत फुलली तर मांडवात पोचेपर्यंत कोमेजते. मे महिन्याच्या उन्हात हायवेने जाताना कळ्या फुलणार नाहीत तर काय होणार! आम्ही केळीच्या सोपटांत, म्हणजे खोडाच्या सालींत, ओलं फडकं घालून कळ्या बांधायचो, पण दुपारी त्याचा काय उपयोग. म्हणून एसीची गाडी, चालवायला दिगू. दादरच्या फुलवाल्या शेठना आमच्या कळ्या इतक्या आवडल्या की ऐन मोसमातल्या लग्नांचं काम त्यांनी आम्हाला बांधून दिलं. लोक हसले, वाडवळीण मोगऱ्याला मोटारीतून फिरवते म्हणाले. हसू दे म्हटलं. मी तेव्हापासून लोकांना हसूच देत आलेय.

पारख सोपी होती. बंद कळीला वास नसतो. गाडीचं दार उघडलं आणि नाकाला काही लागलं नाही की समजायचं, माल चोख आहे. वास दरवळला की कपाळाला हात!

पहिला मोसम छान गेला. दुसऱ्या वर्षी एसीने रंग दाखवायला सुरुवात केली.

आधी हवा नुसती कोमट. दिगू गोखिवऱ्याच्या एका गॅरेजात जाऊन बसायचा, गाडीचं त्याला बरंच कळत होतं. गॅस कमी झालाय म्हणाला, गॅस भरला. मग समोरच्या जाळीत धूळ आणि पेंढा अडकलाय म्हणाला, ती पाण्याने धुतली. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीला तो दादरहून तोंड पाडून परत आला, सगळ्या कळ्या फुलल्या होत्या. मग कळलं की त्या गाडीत हीटरही आहे. "विलायतेत थंडी असते ना वयनी, म्हणून," तो मला समजावून सांगायचा. "इंजिनचं गरम पानी एका तोटीतून डॅशबोर्डच्या खाली येतं. ती तोटी अडकलीय. एसीची गार हवा नि हीटरची गरम हवा एकत्र होते." तोटी काढली, साफ केली, बसवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मी त्याच्यासाठी चहा नेऊन बॉनेटपाशी उभी राहायची. ग्रीसने माखलेले हात, घामाने चिकटलेला बनियन. मला भरून यायचं. भावाच्या माघारी किती राबतोय पोरगा, असं मी शेजारणींना सांगायची. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, आणि मग त्याचा राग येतो, कारण लाज त्याला वाटायला हवी होती.

शेठनी निरोप पाठवला, आणखी एकदा फुललेला माल आला तर काम दुसऱ्याला देऊ. त्या आठवड्यात दिगू जेवताना म्हणाला, "वयनी, रागावू नको. विरारला फुलपाड्याला बघ, कशा बिल्डिंगी उठतायत. आपल्याला पण एकजण विचारतोय. मोगरा काढू, वाडी देऊन टाकू. गाडी साथ देत नाय, विहिरीचं पानी मचूळ झालंय. किती ओढशील?"

मी ताट बाजूला सारलं. मग म्हटलं, "उद्याचं लग्न होऊ दे. उद्या कळ्या फुलल्या, तर तू म्हणशील तिथे सही करते."

तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आपण स्वतः बरोबर जायचं. दिगू नको म्हणत होता, उन्हाचा त्रास होईल, वाटेत गाडी बंद पडेल, काय काय. मी पदर खोचला आणि मागच्या सीटवर पुड्यांच्या शेजारी जाऊन बसले.

आता नीट वाचा. त्या गाडीत हवा यायच्या जाळ्या फक्त पुढे होत्या, मागे काही नाही. चिंचोटीला हायवेला लागेपर्यंत मी पुड्या सावरत होते. मग माझ्या लक्षात आलं की मला थंडी वाजतेय. म्हणजे बरं वाटतंय असं नव्हे, थंडी वाजतेय. हातावर काटा. पुड्यांवरची फडकी हाताला गार लागत होती आणि माझ्या बाजूच्या काचेवर बाहेरून दव जमलं होतं. मे महिन्यात, डोक्यावर सूर्य असताना.

आणि पुढे दिगू घामाने निथळत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, मानेवरून धार लागलेली.

"वयनी, गरम होतंय ना गं मागं?"

"नाही रे. गारच आहे. मस्त."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. थोडं पुढे गेल्यावर परत, "गरम होतंय ना?" मी म्हटलं, "अरे, मी पदर लपेटून बसलेय, दिसत नाही का?" खाडीच्या पुलाच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. बोरिवलीच्या पुढे पुन्हा थांबला, पुन्हा बॉनेट. मी खिडकीतून त्याला म्हटलं, "राहू दे ना आता, चालतोय तर चालू दे!" मला वाटलं काळजीने जीव जातोय बिचाऱ्याचा.

दादरला शेठच्या गाळ्यापुढे गाडी लागली. मी दार उघडायच्या आधी क्षणभर थांबले. सगळी वाडी त्या दारामागे होती, खरं सांगते. आमच्या ह्यांनी लावलेली रोपं, माझ्या हातची वाफ्यांची आखणी... दार उघडलं.

वास नाही. काही नाही. एक पुडी सोडली, कळ्या पहाटे खुडल्या तशा घट्ट, हिरवट देठाच्या. शेठच्या माणसाने मूठभर उचलून पाहिल्या आणि नुसती मान डोलावून माल आत नेला. मला रडूच फुटलं. मी दिगूकडे वळले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "केलास बाबा एकदाचा दुरुस्त!"

तो माझ्याकडे बघतच नव्हता. बॉनेट उघडून आत पाहत होता. चेहरा पांढराफटक.

"हे कसं होईल?" तो म्हणाला. "पट्टाच नाय ना हिला."

"कसला पट्टा?"

"एसीचा. कॉम्प्रेसर फिरायला पट्टा लागतो. तो नाय तर गार हवा येनारच नाय. मी सकाळी काढून डिकीत टाकलाय. हीटरची तोटी पन पुरी उघडी हाय..."

आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो.

मी आत वाकून पाहिलं. कॉम्प्रेसरचं लोखंडी चाक तसंच उघडं, त्यावर पट्टा नाही. बाजूच्या एसीच्या पाइपला हात लावला, तो नुसता तापला होता. गाडीच्या आत डोकं घातलं, मागची सीट अजून गार होती.

"का काढलास?"

त्याने बॉनेट लावून टाकलं.

"दिगू, मागच्या खेपांना पण?"

तो खाली बघत राहिला. रस्त्यावर माणसं ये-जा करत होती, कोणीतरी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "अरे, एकदा म्हणाला असतास, वयनी, मला माझा हिस्सा हवाय, तर मी दिला नसता का?"

मी दिला असता का? हो. कुरकुरले असते, दोन दिवस जेवले नसते, पण दिला असता. ते त्याला कळलं नाही याचं मला जास्त लागलं. इतकी वर्षं एका ताटात जेवून त्याने मला एवढंच ओळखलं होतं.

मी त्या गाडीतून परत आले नाही. महिन्याभरात त्याचा हिस्सा वेगळा करून दिला. तो विरारला राहायला गेला. माझ्या बाजूचा मोगरा आणखी कित्येक वर्षं होता.

गाडी मी गोखिवऱ्याच्या त्याच गॅरेजला दाखवली, काही न सांगता. मेस्त्रीने पट्टा काढून एसी लावून दाखवला. गरम हवेचा भपकारा आला. "बाय, पट्ट्याशिवाय पंखा नुसती हवा ढकलतो, गार करत नाय," तो म्हणाला. कोणी म्हणतं, ओल्या फडक्यांमुळे गारवा आला असेल. तीच फडकी आधीच्या खेपांनाही होती, तेव्हा कळ्या फुलल्या होत्या. कोणी म्हणतं, मला भास झाला. मग शेठच्या माणसालाही झाला का? त्या संध्याकाळी ज्या मुलीने तो गजरा माळला तिलाही?

गेल्या वर्षी दिगू घरी आला. काठी टेकत, म्हातारा झालाय तोही. इतक्या वर्षांनी आपणहून आला म्हणून मी लगबगीने उठले. चहा टाकला, त्याला आवडतात तशा पातोळ्या केल्या. तो खाटेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग बशी खाली ठेवली. मला कळलं, आता बोलणार. मी हात पुसून त्याच्यासमोर येऊन बसले. एवढी वर्षं मी ते एक वाक्य ऐकायला थांबले होते, आणि माफ करायचं हे माझ्या मनात कधीच ठरून गेलं होतं.

"वयनी," तो म्हणाला, "आता तरी खरं सांग. त्या दिवशी तू गाडीला काय केलं होतंस?"

तो खरंच उत्तराची वाट बघत होता. इतकी वर्षं तो हेच समजत होता, की गाडीला काहीतरी करून त्याला फसवलं ते मी.