हजेरीपटातली दोन नावं

वडिलांच्या जुन्या शाळेच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण घेऊन त्या गावच्या सरपंचबाई आमच्या बोईसरच्या घरी आल्या. वडिलांनी त्यांना चहा दिला, गावातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि सत्काराला येणार नाही म्हणून सांगून टाकलं. मला रागच आला. पंचाहत्तरी उलटली तरी या माणसाने आजवर कुणाच्या बारशालाही नकार दिला नव्हता. आणि जिथे पहिली नोकरी केली, जिच्या आठवणी सांगून सांगून आम्हाला पिडलं, त्या डोंगरातल्या शाळेला मात्र नाही.

"गुडघे दुखतात," ते म्हणाले.

"काल भाजीला स्टेशनपर्यंत चालत गेलात, ते कुणाचे गुडघे होते?"

सरपंचबाई हसल्या. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "गुरुजी, म्हातारा अजून हाय. तुमी या." वडील कप उचलून आत गेले आणि बराच वेळ तो एकच कप विसळत राहिले.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी घरी होते. वडिलांनी मला गॅलरीत बोलावलं आणि माझ्याकडे पाठ करून, खाली रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं.

आणीबाणीचा काळ. ते साताऱ्याकडून आलेले नवखे मास्तर. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी फर्मावलं, प्रत्येक शिक्षकाने नसबंदीच्या केसेस आणायच्या, नाहीतर पगार थांबेल. माणसांना तेव्हा केसेसच म्हणत. आई सहा महिन्यांची गरोदर होती. पोटात मी होते.

शाळेला लागून एका वारली आदिवासी तरुणाचं घर होतं. पावसाळ्याआधी शाळेचं छप्पर तोच शाकारून द्यायचा, आईला सरपण आणून द्यायचा. तो आणि त्याची बाई एकत्र राहत होते. लग्न मागाहून, खर्चाची सोय झाली की लावायचं, अशी तिकडे रीत आहे. मूलबाळ अजून नव्हतं. मूलबाळ नसलेल्याची केस घेत नसत, म्हणून वडिलांनी फॉर्मवर लिहिलं, विवाहित, अपत्ये दोन.

"अपत्यांची नावं लिहायची होती. तिथे अडलो," वडील म्हणाले. "हजेरीपट समोरच उघडा होता. बाप नसलेली दोन भावंडं होती वर्गात, त्यांची टाकली. त्यातली मुलगी आत्ता चहा पिऊन गेली."

"आणि त्या माणसाने काहीच विचारलं नाही?"

"विचारलं. मग पोरां होतील ना गुरुजी, म्हणाला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"होतील म्हणालो."

खाली कंपनीची बस थांबली, माणसं चढली, बस गेली. मग ते म्हणाले, "वरून हुकूम होता गं. सगळेच आणत होते. पगार थांबला असता तर तुझ्या आईचं..."

"हुकूम वरून आला. त्याच्या दारापर्यंत चालत तुम्ही गेलात."

असं बोलायला नको होतं, असं मला आजही वाटत नाही. पण दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि त्या दोन दिवसांत एक गोष्ट मला टोचत राहिली. त्याच पगारावर मी बाळसं धरलं होतं. हुकूम काढणाऱ्यांना नावं ठेवणं मला सोपं होतं. त्या पगाराच्या दुधाचं काय करू, हे कळेना.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वडील इस्त्रीचा सदरा घालून उभे. "गाडी काढ. आधी त्याच्याकडे जाऊ." बगलेत एक जुनं, कडा कुरतडलेलं पुस्तक होतं. त्या वर्षाचा हजेरीपट. बदली झाली तेव्हा त्यांनी तो गुपचूप बरोबर आणला होता, कुणी फॉर्मशी ताडून पाहू नये म्हणून. इतकी वर्षं तो कपाटात आईच्या शालूखाली होता, आणि मी तिथे कितीदा डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

कारखान्यांची शेडं मागे पडली, फाटकाच्या पलीकडे भाताचे पेंढे रचलेली खळी लागली. वडील वाटेत एकदाच बोलले. "तो हाकलून देईल."

"देऊ दे," मी म्हटलं, पण हळू.

म्हातारा अंगणात बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होता. सरपंचबाई तिथेच होत्या. तो उठला नाही. "बस, गुरुजी," म्हणाला. तिकडचे जुने लोक सगळ्यांनाच तू म्हणतात.

वडील बसले नाहीत. "मी तुझ्याशी खोटं बोललो," म्हणाले.

"ठावा हाय."

तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी पडलेला कागद घेऊन आला. फॉर्मची कार्बन प्रत. वडिलांनीच तेव्हा ती त्याला दिली होती, घरात वाचणारं कुणी नाही अशा भरवशावर.

"मी चौथीत असताना वाचला," सरपंचबाई म्हणाल्या. "यांनी वाचाया दिला. बघला तर माजा नि भावाचाच नाव."

म्हातारा म्हणाला, "तवर माजी बाय गेली होती. पोरां नाय म्हनून गेली, दुसऱ्याचं घर केलं. तिचा काय दोस नाय. मी कागद बघला. सरकारनं लिवलाय ही पोरां माजी, तर माजी. यांची आय येकटीच राबत होती. मी यांचा नांगर धरला, यांना शाळंत धाडला."

"माजा लगीनपन यांनीच लावला," सरपंचबाई म्हणाल्या.

वडील रडायला लागले. त्यांना रडताना मी आई गेली तेव्हाच पाहिलं होतं. "मला माफ कर," म्हणाले.

"माफ नाय करत मी," म्हातारा शांतपणे म्हणाला. "बाय गेली ती गेली. तू आला त्ये बरा झाला. आता ह्ये शाळंत सांग, समद्यांम्होरं. मी सांगतो तर पोरां बोलतात, म्हातारा भरकटला."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ही तवा पोटात होती ती?"

मी मान हलवली. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"चांगली झाली," तो म्हणाला, आणि पुन्हा पट्टी सोलायला लागला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. शाल पुढे आली तेव्हा वडिलांनी ती टेबलावर ठेवायला लावली आणि माईक घेतला. त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांचा हुकूम एका वाक्यात उरकला आणि स्वतःचं सावकाश सांगितलं, खोटी अपत्यं, तो प्रश्न आणि आपलं उत्तर. शेजारच्या पाहुण्यांनी वाकून म्हटलं, "सर, आज शुभ प्रसंग आहे." वडील थांबले नाहीत. मागच्या बाजूचे दोघं-तिघं उठून चालते झाले. टाळी कुणी वाजवली नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर जन्मात पहिल्यांदा माझ्या बापाचा मला इतका अभिमान वाटत होता.

बोलणं संपलं तरी ते खाली बसेनात. त्यांनी हजेरीपट उघडला, चष्मा पुसला आणि मुलीचं नाव पुकारलं.

सरपंचबाई व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "हजर, गुरुजी."

मग भावाचं नाव.

"त्याची आज पयली पाळी हाय, बोईसरला," त्या म्हणाल्या, आणि मांडवात पहिल्यांदा हसू फुटलं.

वडिलांनी खिशातलं पेन काढलं. त्या पानाच्या तळाशी एक नाव लिहिलं आणि ते मोठ्याने वाचलं. म्हातारा मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसला होता. आयुष्यात तो कुठल्या शाळेत बसला नव्हता, त्यामुळे आपल्याला पुकारतायत हे त्याला लगेच कळलं नाही. शेजारच्या मुलीने सांगितलं. खांबाला धरून तो उठला.

"हाय," म्हणाला.

वडिलांनी त्याच्या नावापुढे खूण केली.