गयाबाईची चौकशी

ये गं रोहिणी, अशी जवळ बस. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, माझ्या डोळ्यांपुढं तू इथं चटईवर बसलेलीच आहेस. तो मोबाइल आधी उपडा ठेव. परवा मोठ्या खुशीत सांगत होतीस, संभाजीनगरात नवं घर मिळालं, शेजारचे काका फार प्रेमळ आहेत, तुझ्या लेकीला, ओवीला, रोज संध्याकाळी खेळायला बोलावतात. मी विचारलं, चौकशी केलीस का? तर म्हणालीस, "केली ना मावशी, सगळे चांगलंच म्हणतात." अगं वेडे, चांगलं म्हणायला लोकांचं काय जातं? मी फोन ठेवून दिला. म्हणून आता लिहून रागावते. तुझे काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना मी पाहिलेलंसुद्धा नाही. पण तू विचारलंस कसं, ते मला कळायला हवं. आणि ते का, हे कळायला तुला गयाबाई माहीत पाहिजे.

गयाबाई आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीची मदतनीस. माहेर गणपतीच्या राजूरचं, त्यामुळं कुठलीही गोष्ट सुरू करताना आधी गणपतीला हात जोडायची, मग पदर खोचायची. उंचीनं बेताची, आवाज मात्र असा, की कापसाच्या जिनिंगमधल्या बायांना आत यंत्रं चालू असतानाही ऐकू जायचा. सकाळी साडेनऊला ती दोरी घेऊन निघे. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून तिनं स्वतः केलेली लांबलचक दोरी, आणि हात-हातभर अंतरावर गाठी. प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाचा तुकडा शिवलेला. लाल गाठ एकाची, हिरवी दुसऱ्याची. घरोघर थांबत लेकरं गोळा करायची आणि ती वरात अंगणवाडीत न्यायची. "गाठ धरा अन् गप्पा मारा," असं म्हणायची, "गप्पा सोडल्या तर चालंल, गाठ सोडली तर मी तुमची कोणी न्हाई." दुपारी त्याच दोरीला धरून लेकरं परत. आईच्या किंवा आजीच्या हातात हात दिल्याशिवाय एकही गाठ सुटायची नाही. एकदा एका पोराचा सख्खा काका न्यायला आला. गयाबाईनं त्याला ओळखत असूनही उन्हात उभं केलं, पोराच्या आईला फोन लावला, आणि मगच सोडलं. तो चिडला तर म्हणे, "दाजी, तुमच्यावर भरोसा हाय. पर भरोसा मी रोज सकाळी नवा भरते, पाण्यावानी."

आणि दुसरं तिचं काम म्हणजे चौकशी. त्यासाठी तिला कोणी नेमलं नव्हतं. आमची गल्ली जिनिंगच्या मागं, दिवाळीनंतर कापूस आला की कुठकुठली माणसं खोल्या शोधत येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघून जातात. नवा भाडेकरू आला की गयाबाई त्याला पाण्याचा तांब्या द्यायची आणि तो पाणी पिईपर्यंत त्याचं गाव, आडनाव, मामाचं गाव, सगळं काढून घ्यायची. मग त्या गावात आपलं कोण आहे ते शोधायची. नसलंच तर आपल्या कोणाचं कोण आहे ते. "पाणी गाळून घ्यावं, माणूस इचारून." हे वाक्य मी तिच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल.

पण उघड नाही हं विचारायची. त्याला कारण होतं. मागं एकदा सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज फिरला होता, पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून. त्याच आठवड्यात चादरी विकणारा एक म्हातारा गल्लीत आला, दरवर्षी यायचा, आणि त्यानं एका पोरीला चघळायला गोळी दिली. कोणीतरी नुसतं विचारलं, "हा कोण रे?" तेवढं पुरलं. दहा मिनिटांत माणसं जमली आणि त्याला बडवायला लागली. गयाबाई आत घुसली, त्याला ओढून माझ्या ओट्यावर आणलं आणि त्याच्यापुढं उभी राहिली. मीच त्याचं तोंड पुसलं. एक दात ओट्यावर पडला होता. तो माणूस पुन्हा कधी आला नाही. तेव्हापासून गयाबाई मला म्हणायची, "अक्का, निसतं इचारल्यानंबी माणूस काळा व्हतो. इचारावं, पर त्याला डाग न लागता."

म्हणून तिनं युक्ती काढली. स्थळाची चौकशी! आपल्याकडं लग्नासाठी विचारलं तर कोणाला नवल वाटत नाही, कोणाची बदनामी होत नाही. त्या माणसाच्या गावी फोन लावायचा, आमच्या नात्यातली एक मुलगी आहे म्हणायचं, आणि मग घर कसं, माणूस कसा, पितो का, हे सगळं आपोआप निघतं. या युक्तीनं तिनं दोन पिणारे आणि दोन बायका असलेला एक दादला ओळखला होता. आम्ही हसायचो. मी म्हणायची, गयाबाई, तुमची ती नात्यातली मुलगी आता चाळिशीची झाली असेल, उजवा की तिला. ती म्हणे, "तिचं कुठं जमून राह्यलंय अक्का, तुमी सगळी स्थळं नापास करता."

आता पुढचं नीट ऐक. तीन वर्षं झाली. माझी अंगणाकडची खोली रिकामी होती आणि एक माणूस आला. चाळिशी उलटलेला, जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला. स्वच्छ शर्ट, हळू बोलणं, बायको वारलेली. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या नळाची गळती बंद करून दिली. मला तो आवडला, खरं सांगते. गयाबाईनं त्याला तांब्या दिला, गाव विचारलं, आणि तो गेल्यावर म्हणाली, "तोंड लई गोड हाय. दात मोजावं लागतील."

तिला काय वाटलं ते देवाला ठाऊक, पण या वेळी ती आधी पोलीस चौकीत गेली. मला बरोबर घेतलं. भाडेकरूचा फॉर्म आणि आधारची झेरॉक्स द्यायची होतीच. हवालदार गल्लीतलाच, लहानपणापासून तिला मावशी म्हणणारा. तिनं सरळ विचारलं, लेकरांशी वाईट वागून शिक्षा झालेल्या माणसांची यादी सरकारनं केलीय म्हणतात, त्यात याचं नाव आहे का बघ. तो म्हणाला, यादी आहे, सगळ्या देशाची आहे, पण ती पोलिसांसाठी. बाहेर दाखवता येत नाही.

"मला दाखवू नको. तू बघ अन् निसती मान हलव."

"मावशी, मानबी हलवता येत न्हाई. त्या चादरीवाल्याचं काय झाल्तं, तुमीच बघितलंय ना?"

गयाबाईनं फॉर्म आणि झेरॉक्स त्याच्यापुढं सरकवली. तेही खरंच होतं. फॉर्म ठेवून घेतो, पडताळणीला वेळ लागतो, असं तो म्हणाला आणि आम्ही परत आलो.

तू मागं एकदा फोनवर म्हणालीस ना, परदेशात ती यादी मोबाइलवर सगळ्यांना दिसते, आपल्याकडं का नाही? मला त्याचं उत्तर येत नाही गं. दिसली असती तर, असं मी रोज म्हणते. आणि लगेच तो ओट्यावरचा दात आठवतो. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून असतात, एक उठत नाही की दुसरी.

तर खरं विचारायची जागा बंद झाली. मग गयाबाईनं आपली जुनी वाट धरली. तिच्या लेकीच्या नणंदेची मावससासू त्या माणसाच्या गावात निघाली. नंबर मिळाला. दुपारची वेळ होती, मी मेथी निवडत होते, गयाबाईनं फोन स्पीकरवर लावून दोघींच्या मध्ये ठेवला. आमच्या नात्यात एक बाई आहे, दुसरेपणावर द्यायचीय, असं सांगितलं. तिकडची बाई चांगली बोलली. माणूस निर्व्यसनी, कामाला पक्का, देवाधर्माचा. मग जरा थांबली. मला वाटलं फोन कटला. आणि मग तिनं विचारलं, "बाईला लेकरंबाळं हायेत का?"

"न्हाईत," गयाबाई म्हणाली.

"मंग द्या खुशाल. कायबी अडचण न्हाई."

गयाबाईनं फोन ठेवला, राजूरच्या दिशेनं हात जोडले, आणि गल्लीत सांगितलं, माणूस बराबर आहे. तिचा शब्द म्हणजे गल्लीला शिक्का. बाया निर्धास्त झाल्या. मी मेथी निवडत होते, रोहिणी. मी पण ते ऐकलं होतं.

पुढं काय झालं ते मी लिहिणार नाही. गल्लीतलीच पोर, दुसरीतली, आई जिनिंगमध्ये सरकी वेचायला. तिचं नाव लिहू नये असा कायदा आहे आणि तो बरा आहे. कळलं ते दोरीमुळं. एका सकाळी ती पोर शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन अंगणवाडीच्या लेकरांच्या मागं येऊन उभी राहिली आणि शेवटची, कोणाचीच नसलेली गाठ धरली. दोन्ही हातांनी. गयाबाईनं हसून विचारलं, "का गं, लहान झालीस का?" पोरीनं गाठ आणखी घट्ट धरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गयाबाईनं दुपारी तिला जवळ बसवलं, पुढ्यातल्या सुपात शेंगा ओतल्या आणि दोघी फोडत बसल्या. एक शब्द विचारला नाही. अर्धं सूप झाल्यावर पोर आपण होऊन बोलली.

त्याच पावली गयाबाई तिच्या आईला जिनिंगमधून घेऊन चौकीत गेली. गल्लीत कोणाला कळायच्या आत त्या माणसाला काट्यावरून उचललं. मारामारी होऊ दिली नाही तिनं. दोन दिवसांनी हवालदार माझ्या खोलीचा पंचनामा करायला आला. काम झालं, सगळे बाहेर गेले, गयाबाई आणि मी तेवढ्या राहिलो, तरी तो पाण्याचा पेला हातात धरून थांबला. खाली बघत गयाबाईला म्हणाला, "मावशी, ह्याचं नाव व्हतं यादीत. दुसरीकडचं जुनं प्रकरण. शिक्षा भोगून आल्ता."

"म्या इचारलं तवा तुला ठावं व्हतं?"

"न्हाई. तवा बघितलंच नव्हतं. अन् बघितलं असतं तरी सांगता आलं नसतं." मग पेला ठेवला. "आताबी मी काय बोललो न्हाई."

त्याच्यावर मी कधी चिडू शकले नाही. त्यालाही दोन पोरी आहेत.

गयाबाईनं मात्र त्या दिवशी एक केलं. त्याच बाईला पुन्हा फोन लावला. या वेळी लग्नाचं नाव काढलं नाही, खरं तेच सांगितलं. तिकडं बाई रडायलाच लागली. म्हणाली, आम्हाला सगळं माहीत होतं, गावानंच त्याला राहू दिलं नाही. पण तुम्ही स्थळ विचारलं. "जमत आलेलं लगीन मोडायचं पाप कोण घेईल, बाई? तरीबी म्या लेकरांचं इचारलं. न्हाईत म्हणालात, तवा जीव खाली पडला माझा. तुमी खरं इचारलं असतं, तर म्या खरं सांगितलं असतं."

त्यानंतर गयाबाईनं दोरी हातात धरली नाही. निवृत्तीला सहा महिने होते, तेवढे तिनं ओढले, पण लेकरं न्यायला तिनं दुसऱ्या बाईला सांगितलं. लोक तिच्या तोंडावर कधी काही बोलले नाहीत, उलट तुमच्यामुळं तरी लवकर कळलं म्हणायचे. ते तिला जास्त लागायचं. खऱ्या लग्नाची चौकशी सांगायला कोणी आलं तर म्हणायची, "मला न्हाई जमत. मला ऐकू येत न्हाई नीट." कान चांगले होते तिचे. त्या पोरीच्या आईनं घर बदललं. पोर शाळेत जाते, आता पाचवीत आहे, एवढंच मला माहीत आहे.

मग लेकीनं गयाबाईला मंठ्याला नेलं. जाताना दोरी घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्का, जाळू नका, वापरू बी नका." मी दोन-तीनदा भेटायला गेले. शेवटच्या खेपेला, गेल्या थंडीत, ती ओळखत होती पण अंथरुणातून उठत नव्हती. मी हात हातात घेऊन बसले. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "त्या बाईनं सांगितलं व्हतं अक्का. लेकरं हायेत का, म्हून. तिनं सांगितलं, अन् आपण दोघींनी न्हाई म्हणून टाकलं. गल्लीत बावीस लेकरं व्हती." पंधरा दिवसांनी ती गेली.

म्हणून तुला रागावले गं. आता तू विचारशील, मग मावशी, मी कसं विचारू, कोणाला विचारू? मला माहीत नाही. खरं सांगते, मला माहीत नाही. खरं विचारायला गेलो तर दार बंद, आणि आडून विचारलं तर आडूनच उत्तर. एवढंच कर, "माणूस कसा आहे" असं विचारू नकोस. "माझी चार वर्षांची लेक आहे, तिला यांच्याकडं एकटी पाठवू का?" असं विचार, आणि समोरचा किती वेळ थांबतो ते मोज. उत्तर काहीही येवो, ओवीला संध्याकाळी तुझ्याजवळच ठेव. शेजाऱ्यांना राग आला तर येऊ दे.

माझी ती खोली मी पुन्हा दिली नाही, जळणाच्या पऱ्हाट्या भरून ठेवल्यात. तुम्ही आलात की माझ्याजवळ मधल्या घरात झोपायचं. आणि ये लवकर. सुट्टीची वाट बघू नकोस, येत्या रविवारीच ओवीला घेऊन ये. शेंगा आणून ठेवल्यात. मी तिला काही विचारणार नाही. नुसत्या फोडत बसू.