दुसऱ्या पिढीची बाजरी

"डुप्लिकेट बी हाय सायेब! लिव्हा, डुप्लिकेट!" भगवानराव बांधावरून ओरडत होते. मी पंचनाम्याचा कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी दिंद्रुडचे बियाण्याचे दुकानदार शिवलिंगअप्पा घाम पुसत उभे होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाजारात रोज नव्या कंपनीची पिशवी यायची आणि तिच्यामागून डुप्लिकेटची ओरड. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. सकाळीच आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "भगवानराव पुढाऱ्यांचे पाहुणे आहेत. अप्पांचं लायसन सस्पेंड करायचा प्रस्ताव संध्याकाळपर्यंत टेबलावर पाहिजे."

तक्रार खोटी नव्हती. बाजरीचं एक ताट डोक्याच्या वर, शेजारचं कमरेला. एक कणीस वीतभर, दुसरं बोटभर.

"बापापासूनचं दुकान हाय सायेब," अप्पा हळूच म्हणाले. "असा डाग लागला तर पेठेत तोंड कसं दावू?"

मला त्यांची कीव आली. पण कीव पंचनाम्यात लिहिता येत नाही. मी उठून रान फिरलो. बांधापलीकडच्या त्यांच्याच दुसऱ्या एकरात बाजरी एकसारखी, मोजून कापल्यासारखी उभी होती. बिलावर दोन पिशव्या, लॉट नंबर एकच. मग एक एकर शहाणं आणि एक एकर खुळं कसं?

"पेरलं कुणी?" मी विचारलं.

"आमच्या हिनं पेरून घेतलं. मी नारायणगडाला दर्शनाला गेलतो."

त्यांच्या पत्नी, कौसाबाई, खुरपं घेऊन जरा लांब उभ्या होत्या. मी विचारलं, "दोन्ही पिशव्या पेरल्या का?"

"एकच. दुसरी हाय की घरी, उतरंडीत. फुडच्या सालाला व्हईल म्हणलं. ह्या एकरात घरचं बी टाकलं. गेल्या साली दुकानचंच संकरित व्हतं, त्यातली लई निवडून कणसं राखली व्हती."

मला उलगडा झाला. संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं लेकरू. ही पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. पण तिचंच बी पुन्हा पेरलं की आजा-आजीचे दडलेले गुण सुटे होतात. कुणी उंच, कुणी बुटकं. कणीस कितीही देखणं निवडा, उपयोग नाही. आनुवंशिकतेचा हा साधा नियम आहे.

मी तो समजावून सांगितला. घरून पिशवी आणवली. शिवण शाबूत होती. अप्पांनी तिच्यावरचा लॉट नंबर बिलाशी ताडून पाहिला. भगवानराव मात्र बायकोवर उखडले. "कावून केलंस असं? इच्यारायचं न्हाई का?"

"ह्याच सायबानं सांगितलं व्हतं," त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "केजच्या शेतकरी मेळाव्यात. जसं बी तसं पीक, चांगलं कणीस बियाला राखा म्हणले."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मेळाव्यात 'सजीवांची ओळख' हा विषय मला दिला होता. पेशी, पुनरुत्पादन, आनुवंशिकता, सगळं अर्ध्या तासात उरकलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. 'जसं बी तसं पीक' हे संकरित बियाण्याला लागू नाही, एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाईंची चूक नाही. माझी आहे," मी म्हणालो.  भगवानरावांनीच तक्रार मागे घेतल्याची सही केली.

अहवालात मी कारण लिहिलं: विस्तार अधिकाऱ्याने दिलेली अपुरी माहिती. साहेब वैतागले. "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"कारण लिहावंच लागतं साहेब. मग बाईंचं नाव लिहू?"

त्यांनी सही करून कागद वर पाठवला. मला लेखी समज मिळाली. अप्पांचं लायसन राहिलं.

पुढच्या वर्षी मेळाव्यात पुन्हा तोच विषय माझ्याकडं आला. मी सुरुवात केली, "जसं बी तसं..." तेवढ्यात पहिल्याच रांगेतून कौसाबाई उठल्या.

"सायेब, दुकानचं संकरित सोडून, हे आधी सांगा. बाकीचं मागून."

मी आधी तेच सांगितलं.