‘पारंपरिक’ नव्हे, बाळाराम भोईर

बाळाराम भोईरला एका संगीतकाराने फसवलं. चाल बाळारामची होती, सीडीवर छापलं ‘पारंपरिक’, आणि त्याखाली ‘संयोजन’ म्हणून संगीतकाराने स्वतःचं नाव घातलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गोल गोल बोलणं मला जमत नाही. गेल्या महिन्याभरात जो भेटतो तो मला समजावतो, “ताई, आता माणूसच गेला, सोडून द्या.” माणूस गेला म्हणूनच सोडायचं नाही. हा लेख लिहिताना त्या संगीतकाराचं नाव मी पहिल्याच ओळीत घातलं होतं. संपादकांनी हात जोडले, म्हणून खोडलं. ज्याचं आहे त्याला कळेलच.

बातमी आली तेव्हा मी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या माझ्या दुकानाचं शटर वर करत होते. पिशवीत मोबाइल वाजायला लागला. मोबाइलवर मी बाळादादाचीच चाल ठेवली होती, आणि सकाळी सकाळी ती कानावर आली की बरं वाटायचं, म्हणून मी फोन लगेच उचलायचे नाही. त्या दिवशीही नाही उचलला. शटर वर केलं, दिवा लावला, मग उचलला. पलीकडे मथुरावहिनी, त्याची बायको. “बाय… तुजा भाव गेला गं.” मी काहीतरी म्हटलं असेन. काय म्हटलं ते आठवत नाही. त्याच्या गावी, गोडदेवला, रिक्षाने पोचेपर्यंत मी रिक्षावाल्याशी रस्ता कुठला घ्यायचा यावरून भांडत होते, एवढं आठवतं.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. मी लांज्याच्या पुढच्या गावची. लग्नानंतर भाईंदर पूर्वेला आले आणि एका गाळ्यात रेडिओच्या पट्ट्यांवर झाळण लावायच्या कामाला लागले. सात-आठ बायका रांगेत बसायचो, डोळ्यांत धूर जायचा. बाकीच्या दिवस मोजायच्या, मी कुठली तार कुठे जाते ते बघत बसायचे. त्या बघण्यावर पुढे माझं दुकान उभं राहिलं… ॲम्प्लिफायर, स्पीकर, मिक्सर, काय बिघडेल ते दुरुस्त. बाई स्क्रू फिरवते म्हटल्यावर लोक दुकानाच्या दारातून परत जायचे. बाळादादा परत गेला नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला बेंजो त्याने काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “मालक कुटं हाय?”

“तुझ्यासमोर उभा आहे.”

“मंग मालकाला सांग, भाव जरा माणसासारखा लाव.”

मी सांगितलेला भाव त्याने अर्ध्यावर आणला, मी पुन्हा चढवला, तो उठून दारापर्यंत गेला, मी बोलावलं नाही, तो आपणच परत आला. असं तीनदा झालं. शेवटी त्याने हसून टेकले हात. “बाय, तुझा नवरा तुझ्याशी बोलतो तरी कसा?” “विचारून,” मी म्हटलं. बेंजोच्या पोटातली एक तार सुटली होती, पाच मिनिटांचं काम. झाळण झाल्यावर त्याने तिथेच उभ्या उभ्या चार बटणं दाबून तारांवर नखी मारली, आणि समोरच्या किराणावाल्याचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

ज्यांनी बेंजो पार्टी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य म्हणजे बेंजो. तो, सोबत ढोल, ताशा, खुळखुळे, सगळं एका हातगाडीवरच्या कर्ण्यांना जोडलेलं, बॅटरीवर चालणारं. हळद असो, साखरपुडा असो, पालखी असो, गाडी पुढे आणि नाचणारे मागे. गोडदेव तेव्हाच इमारतींनी वेढलेलं होतं, पण हळदीच्या दिवशी गाव पुन्हा गाव व्हायचं. बाळादादा वाजवताना वाद्याकडे बघायचा नाही, लोकांच्या पायांकडे बघायचा. पाय थकले की चाल सैल करायचा, पाय मोकळे झाले की खेचायचा. “हाताला काय कलतं? पायाला इचारावं,” म्हणायचा.

जिच्यासाठी एवढं भांडण आहे ती चालही पायांवरूनच आली. त्याची आई गुडघ्यांनी गेलेली, पण हळद म्हटली की उठायचीच. तीन पावलं नाचायची आणि थांबायची, गुडघा धरायची, पुन्हा तीन पावलं. इतर पार्ट्यांच्या चाली अशा वेगाच्या की म्हाताऱ्या भिंतीला टेकूनच बसायच्या. बाळादादाने आईच्या मापाची चाल बांधली. तीन ठोके, मग एक रिकामी जागा, जिथे ढोलसुद्धा गप्प. तशी दोन आवर्तनं झाली की मग धाव. म्हाताऱ्या त्या रिकाम्या जागेत दम घ्यायच्या, पोरं त्याच जागेत हवेत उडी मारायची. एका चालीवर सासू आणि सून दोघी घामाघूम होतात, हे मी इतरत्र पाहिलेलं नाही.

मीरा रोडला एका इमारतीखाली, गाड्या उभ्या करायच्या जागेत, चार पोरं गिटार बडवायची. नेव्हिल त्यांचा म्होरक्या. दिवसा कॉल सेंटरमध्ये गोड बोलायचा आणि रविवारी अंगावर साखळ्या, शर्टाला सेफ्टीपिना लावून बोंबलायचा. या गाण्याला पंक म्हणतात, असं त्याने मला समजावलं होतं. तो ॲम्प्लिफायर न्यायला आला तेव्हा बाळादादा दुकानात चहा पीत बसला होता. त्याने नेव्हिलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बाय, याची बटनं तुटली का गं? शिवून दे त्याला.” नेव्हिल हसला, पण चिडला नाही. मग बाळादादाने बेंजो काढला आणि ती चाल वाजवली. नेव्हिलने हातातला ॲम्प्लिफायर खाली ठेवला. “अंकल, ये तो पंक है. और ये जो गॅप है ना… ये किसने सिखाया?”

“आमच्या आयशीच्या गुडघ्यानं,” बाळादादा म्हणाला.

त्या रविवारपासून बाळादादा त्या पार्किंगमध्ये जायला लागला. सोसायटीचे लोक वर खिडकीतून ओरडायचे, मी खालून ओरडायचे. पन्नाशीचा आगरी माणूस आणि साखळ्या लावलेली चार पोरं एकमेकांची भाषा धड न समजता तासन्‌तास वाजवायची. अशातच एका सिनेमाचं काम निघालं. शहरातला गल्लीबोळांतला आवाज पडद्यावर आणायचा, पंकवाली पोरं, डिस्को, रस्त्यावरचा नाच, बेंजो, सगळ्यांचा एकत्र जल्लोष करायचा, अशी काहीतरी कल्पना होती. कल्पना चांगलीच होती, ते मी नाकारत नाही. नेव्हिलच्या ओळखीने ते लोक गोडदेवला आले, हळदीत नाचले, आणि नेव्हिलची पोरं व बाळादादाची पार्टी यांनी मिळून ती चाल वाजवायची असं ठरलं.

बोलणी करायला मी गेले. बाळादादाला ‘नाही’ म्हणता येत नसे आणि मला ‘हो’ म्हणता येत नाही. टेम्पो त्यांचा, जेवण त्यांचं, मासे नसतील तर वाजवणार नाही, ढोलवाल्यांना बसायला खुर्च्या, संध्याकाळी घरपोच… एकेका गोष्टीवर मी त्या माणसांना घाम फोडला. आणि नावाबद्दल एक शब्द बोलले नाही. जो वाजवतो त्याचं नाव येणारच, त्यात घासाघीस कसली, असं मी धरून चालले. जन्मभर सौदे केले, आणि जी वस्तू सगळ्यांत मोलाची होती ती मी सौद्यात ठेवलीच नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी चाल उत्तम झाली. तेव्हा मी बाहेर होते, टेम्पो उभा करण्यावरून वॉचमनशी वाद घालत होते. आत एकाने वही काढून विचारलं, “ये धुन किसकी है?” आणि बाळादादाने हात जोडून सांगितलं, “देवीची.”

यात तो खोटं बोलला नाही. त्यांच्या पार्टीत रीतच तशी होती. नवी चाल तयार झाली की पहिल्यांदा गावदेवीपुढे वाजवायची. तिथे वाजवली की ती देवीला वाहिली. त्यानंतर ‘माझी चाल’ म्हणणं म्हणजे नैवेद्य दाखवून ताट परत ओढण्यासारखं. त्याच्या बापाने कधी म्हटलं नाही, त्यानेही म्हटलं नाही. वहीवाल्याने लिहून घेतलं, पारंपरिक.

परतताना टेम्पोत नेव्हिलने मला हे सांगितलं तेव्हा मी टेम्पो थांबवायला लावला होता. बाळादादाने हात धरून खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी मी आणि नेव्हिल त्या सिनेमाच्या संगीतकाराच्या ऑफिसात गेलो. सगळं सांगितलं, आई, गुडघे, गावदेवी, सगळं. माणूस फार गोड. “ताई, बरं झालं आलात, नाहीतर पाप लागलं असतं.” माझ्यासमोर त्याने कागदावर लिहिलं, ‘बाळाराम भोईर, गोडदेव’. आणि कागद पेपरवेटखाली ठेवला.

सिनेमाच्या गाण्यांची सीडी आली. पारंपरिक. मी फोन केला. “छपाईला गेलं होतं हो, पुढच्या वेळी नक्की.” सीडी चालली, पुन्हा छापली. पारंपरिक. त्यानंतर त्याने माझा फोन घेतला नाही.

मी ती सीडी बाळादादाच्या घरी घेऊन गेले तेव्हा तो ओट्यावर बसला होता. मागचं पान वाचून दाखवलं. तो खो खो हसला. “पारंपरिक म्हंजे पूर्वजांचं ना? मथुरे, आयकलंस? मी जित्तेपनी पूर्वज झालो! आता घास ठेव माझ्या नावानं.” मला इतका राग आला की मी चहा न पिता निघाले. मला वाटलं याला काही वाटतच नाही. त्याच्या तेराव्याला वहिनींनी सांगितलं… दर वेळी नवी सीडी गल्लीत कुणाकडे आली की तो मागून घ्यायचा, आणि शेजारच्या मास्तरणीला म्हणायचा, “मागचं बारीक अक्षर वाच बरं, असंल कुटंतरी.” तिने वाचायचं, नसायचं. “बरं, ऱ्हाव दे.” कितीतरी वेळा. माझ्याजवळ एकदाही बोलला नाही. मी भांडायला जाईन म्हणून.

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा किडन्यांनी साथ सोडली होती. चादरीवर बोटं मात्र बटणं दाबल्यासारखी हलत होती. मी म्हटलं, “दादा, त्या माणसाला मी सोडणार नाही.” तो म्हणाला, “बाय, नाचतात ना लोकं त्याच्यावर?” “नाचतात.” “मंग तू बी एकदा नाच. भांडतंस नुसती.” त्याच्या डोळ्यांत थट्टा होती. मी सतरा वर्षं त्याच्या हळदी ऐकल्या, गाडीपाशी उभं राहून तारा तपासल्या… नाचले कधीच नव्हते.

मागच्या आठवड्यात नाचले. पार्टी आता त्याची मुलगी दर्शना सांभाळते. बापाचाच बेंजो, बोटं बापापेक्षा चपळ. गोडदेवातच हळद होती. रिवाजाप्रमाणे गाडी आधी गावदेवीपुढे थांबली. दर्शनाने माइक हातात घेतला आणि जे त्या घरात तीन पिढ्यांत कुणी बोललं नव्हतं ते बोलली, “ही चाल देवीला वाहिलेली हाय. पन बांधली माझ्या बाबांनी. बाळाराम भोईर यांनी.” जुना ढोलवाला काय बोलतो याची मला धास्ती वाटली. तो म्हातारा पुढे आला, देवीला हात लावून पाया पडला आणि म्हणाला, “आये, पोरगी खरं बोलतं,” आणि ढोल उचलला. नेव्हिल साखळ्या लावून आला होता. एका आजीने त्याची साखळी धरून त्याला ओढत नाचात नेलं. मग तिने मलाही ओढलं. मला पावलं येत नाहीत, पण त्या चालीला ती फार लागतही नाहीत. ज्याला काहीच येत नाही त्यालासुद्धा सामावून घेईल अशी ती बांधलेली आहे. नेव्हिलचं टोळकं आता जिथे जिथे वाजवतं तिथे आधी बाळारामचं नाव घेतं. गोडदेवपुरता, मीरा रोडपुरता हा प्रश्न सुटला आहे. नाव आता लोकांच्या तोंडात बसलं.

राहिलात तुम्ही, संगीतकार साहेब. दुकान आवरताना मला एक कॅसेट सापडली. दुरुस्त केलेलं वाद्य मी टेपवर घेऊन बघायचे, त्यातलीच. ही चाल बांधली जात होती तेव्हाची. त्यात बाळादादा पाच वेळा चुकतो. शिव्या घालतो. पुन्हा सुरुवात करतो. मी मागून म्हणते, “झाली की, किती वेळ?” तो म्हणतो, “थांब बाय, अजून न्हाय झाली.” आणि मग सहाव्यांदा ती होते. दर्शना ही कॅसेट पहिल्यांदा ऐकायला आली तेव्हा रडेल असं मला वाटलं होतं. ती हसत होती. “बाबा एवढं चुकायचे? मंग माझं पन जमंल.”

तुमचा सिनेमा आता घरी बघायच्या तबकडीवर नव्याने येतोय असं ऐकते. म्हणजे पुन्हा छपाई आहे, आणि या वेळी ‘छपाईला गेलं होतं’ म्हणता येणार नाही. पूर्वजांकडून आलेली चाल माझ्या दुकानातल्या काउंटरवर पाच वेळा कशी चुकली, ते मला सांगा. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून पेपरवेटखाली ठेवलेला कागद कुठे गेला, ते सांगा. फोन करू नका, ऑफिसात बोलावू नका, गोड बोलू नका. याच पुरवणीत, मी जसं सगळ्यांसमोर विचारतेय तसं सगळ्यांसमोर, लेखी उत्तर द्या.